हिंसेचा ताळेबंद : काळाचा प्रवाह आणि माणसाचा पुरुषार्थ

जगातील हिंसा काळाबरोबर कमी होत चालली आहे की वाढत चालली आहे, हा प्रश्न अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजासमोर वारंवार उभा राहतो. सकाळी वृत्तपत्र उघडले की युद्ध, बॉम्बस्फोट, खून आणि दंगली यांच्या बातम्या वाचून सामान्य माणूस सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "पंचम आरा आहे, असेच चालायचे." याउलट पाश्चात्त्य विद्वानांचा एक वर्ग ठामपणे सांगतो की, मानवाच्या इतिहासात आजच्याइतका शांततेचा काळ क्वचितच आला असेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात असंख्य तक्ते व आलेख देऊन हेच प्रतिपादन केले आणि त्यावर जगभर वाद झाला.

जैन कालगणनेप्रमाणे आपण अवसर्पिणीच्या पाचव्या आऱ्यात, म्हणजे 'दुःषमा' काळात आहोत. एकवीस हजार वर्षांच्या या आऱ्यातील जेमतेम अडीच हजार वर्षे लोटली आहेत. भगवान महावीरांचे २५५० वे निर्वाण वर्ष २०२३-२४ मध्ये देशभर साजरे झाले. म्हणजे एक मत म्हणते, काळ उतरणीचा आहे; दुसरे म्हणते, काळ चढणीचा आहे. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी आहेत. परंतु दोघांमध्ये एक साम्य आहे. दोघेही कर्तेपण काळाकडे देतात. काळच जर सर्व काही करणार असेल, तर माणसाने करावे असे काही उरतच नाही.

जैन दर्शनाने मात्र कोणत्याही कार्याची पाच कारणे मानली आहेत : काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ. यांतील कोणतेही एकच कारण पुरेसे मानणे हा एकांतवाद होय. ही कसोटी हाती घेऊन गेल्या अडीच हजार वर्षांच्या हिंसेचा जमाखर्च तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

अशोकाचा पश्चात्ताप

या जमाखर्चातील पहिली ठळक नोंद सम्राट अशोकाची आहे. इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास झालेल्या कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे देशोधडीला लागली आणि त्याहून कित्येक पट माणसे नंतर मृत्युमुखी पडली, असे अशोकाने स्वतःच आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. विजयी राजाने आपल्या विजयाचा असा नावे बाजूचा हिशेब जाहीररीत्या मांडल्याची दुसरी उदाहरणे फारशी आढळत नाहीत.

पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा उल्लेख येतो. पूर्वी तेथे दररोज शेकडो हजारो प्राणी मारले जात; आता केवळ दोन मोर व एक हरिण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे तो सांगतो. आठव्या शिलालेखात शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे नमूद आहे. याच आठव्या लेखाचा एक तुकडा वसईजवळील सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला. प्राचीन काळी जेथे देशोदेशीची जहाजे लागत, त्या महाराष्ट्रातील बंदरात शिकारत्यागाचा राजलेख उभा होता, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद आहे.

तथापि इतिहासाचा हिशेब पुरता मांडावयाचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अशोकाने देहदंडाची शिक्षा रद्द केली नाही. शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. अरण्यवासी जमातींना त्याने पश्चात्तापाच्या त्याच लेखात इशाराही दिला आहे. आणि अवघ्या एक-दोन शतकांनंतर त्याच कलिंगात खारवेल राजा झाला. उदयगिरीच्या हाथीगुंफेतील त्याचा लेख अरिहंत व सिद्धांना नमस्कार करून सुरू होतो. परंतु पुढील ओळींत त्याच्या स्वाऱ्यांची वर्णने येतात. राजा जैन असला म्हणून राज्य अहिंसक होत नाही, हे या लेखावरून स्पष्ट होते.

पाटणची अमारी घोषणा

दुसरी मोठी नोंद बाराव्या शतकातील आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने गुजरातचा चौलुक्य राजा कुमारपाळ याने आपल्या राज्यात अमारी, म्हणजे प्राणिवधबंदी, घोषित केली. त्याची कारकीर्द सुमारे ११४३ ते ११७२ अशी मानली जाते. वि. सं. १२०९ म्हणजे इ. स. ११५२ च्या किराडू येथील शिलालेखात पंधरवड्यातील अष्टमी, एकादशी व चतुर्दशीस जीववध न करण्याची आज्ञा आजही वाचता येते.

या अमारीतील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. खाटिकांचा धंदा बंद झाल्यावर त्यांच्या तीन वर्षांच्या निर्वाहाची सोय राजाने केली, असा उल्लेख हेमचंद्राचार्यांच्या 'द्व्याश्रय' काव्यात येतो. ज्याच्या पोटावर पाय येणार आहे त्याचा विचार या आज्ञेत होता. केवळ मनाई करणे सोपे असते. मनाईची किंमत स्वतः भरणे ही खरी अहिंसा होय. निपुत्रिक मयताची मालमत्ता सरकारजमा करण्याची क्रूर वहिवाटही कुमारपाळाने सोडून दिली व विधवांचे अश्रू पुसले.

परंतु येथेही दुसरी बाजू आहेच. याच कुमारपाळाच्या सैन्याने उत्तर कोकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन याच्यावर स्वारी केली व त्यात मल्लिकार्जुन मारला गेला, असे प्रबंधग्रंथ सांगतात. ऊ मारणाऱ्या एका व्यापाऱ्यास दंड करून त्या पैशातून 'यूकाविहार' नावाचे मंदिर बांधविल्याची कथाही परंपरेत प्रसिद्ध आहे. कुमारपाळानंतर गादीवर आलेल्या अजयपाळाच्या काळात वारे संपूर्ण फिरले. राजाज्ञेवर उभी राहिलेली अहिंसा राजाबरोबरच संपली.

फत्तेपूर सिक्रीचे फर्मान

तिसरी नोंद प्रत्येक जैनाच्या परिचयाची आहे. गुजरातेतील गंधार येथून पायी विहार करीत आचार्य हीरविजयसूरी १५८३ साली फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. ज्या अकबर बादशहाच्या भेटीसाठी ते गेले, त्याने पंधरा वर्षांपूर्वी, १५६८ मध्ये, चितोडगड जिंकल्यावर सुमारे तीस हजार लोकांची कत्तल करविली होती. अशा बादशहाकडे आचार्यश्रींनी स्वतःसाठी काहीही मागितले नाही. बंदिवानांची सुटका, पिंजऱ्यातील पक्ष्यांची मुक्तता आणि पर्युषणाच्या दिवसांत जीववधास बंदी, एवढेच त्यांचे मागणे होते. बादशहाने पर्युषणाच्या आठ दिवसांत आपले चार मिळवून बारा दिवसांचे फर्मान काढले. पुढे 'जगद्गुरू' ही पदवी देऊन त्याने आचार्यांचा गौरव केला.

जहांगीराच्या काळातही पर्युषणात वधबंदीचे फर्मान निघाले. त्या प्रसंगाचे चित्रण असलेले आग्रा संघाचे १६१० सालचे विज्ञप्तिपत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगविले आहे. मात्र काही वर्षांतच याच जहांगीराने जैन साधूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला व नंतर तो मागे घेतला. बादशहाची मर्जी ही अशी चंचल!

तरीही हे बीज वाया गेले नाही. अहमदाबाद महानगरपालिकेने पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा घेतलेला निर्णय २००८ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. त्या निकालपत्रात अकबराचे स्मरण आवर्जून केलेले आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या एका साधूचे मागणे स्वतंत्र भारताच्या न्यायालयात पुन्हा उच्चारले गेले, ते कशामुळे? फर्मानाचा कागद होता म्हणून नव्हे. मधल्या प्रत्येक पिढीतील श्रावकांनी पर्युषण पाळले आणि ते मागणे जिवंत ठेवले, म्हणून.

लोकांनी घेतलेली व्रते

येथून पुढील इतिहास राजांचा कमी आणि सामान्य माणसांचा अधिक आहे. इंग्लंडमध्ये १७९१ च्या सुमारास एक विलक्षण चळवळ झाली. वेस्ट इंडीज बेटांतील साखर गुलामांच्या रक्तावर पिकते, हे कळल्यावर लाखो लोकांनी साखर खाणे सोडून दिले. तत्कालीन कार्यकर्त्यांच्या अंदाजाप्रमाणे ही संख्या तीन लाखांच्या घरात होती. जैन परिभाषेत बोलायचे तर तो एक सामुदायिक त्यागच होता. त्यानंतर १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. अमेरिकेत त्यासाठी भीषण यादवी युद्ध व्हावे लागले व १८६५ साली गुलामगिरी घटनेने बंद झाली. ब्राझीलमध्ये १८८८ साल उजाडले. आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या प्रयत्नांनंतर सतीची चाल १८२९ मध्ये कायद्याने थांबविण्यात आली.

मुंबई शहराचे उदाहरण तर घरचेच आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत मोठा क्षोभ झाला, दुकाने बंद पडली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्यासारख्या पारशी व जैन धुरीणांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापारी महाजनांनी मालाच्या उलाढालीवर 'लागा' बसविला. व्यवहार झाला की मुक्या जनावरांचा वाटा आपोआप बाजूला निघे. राजाज्ञा नाही, पोलीस नाही. व्यापाऱ्यांनी आपखुशीने स्वीकारलेली शिस्त एवढेच तिचे बळ. पाटणची अमारी राजाबरोबर मावळली, पांजरपोळ मात्र आजही उभी आहे.

याच परंपरेतून पुढे एक तेजस्वी ज्योत प्रकटली. इंग्लंडहून परतलेल्या मोहनदास गांधींची १८९१ मध्ये मुंबईत श्रीमद् राजचंद्र या जवाहिराचा व्यवसाय करणाऱ्या तरुण तत्त्वज्ञाशी भेट झाली. गांधीजींच्या आयुष्यावर ज्यांचा खोल ठसा उमटला त्यांत रायचंदभाईंचे नाव अग्रक्रमाने येते. अहिंसा ही केवळ वैयक्तिक साधना नसून अन्यायाशी लढण्याची रीतही होऊ शकते, हे गांधीजींनी जगाला दाखविले. चौरीचौरा येथील हिंसेनंतर १९२२ साली ऐन भरातील आंदोलन त्यांनी मागे घेतले. असे धैर्य इतिहासात दुर्मिळ आहे.

माणसांच्या हिशेबाचे पान

आता आकड्यांकडे वळू. इंग्लंडमधील जुन्या न्यायालयीन नोंदींवरून संशोधकांनी असा अंदाज बांधला आहे की, चौदाव्या शतकात तेथे दर लाख वस्तीमागे वर्षाला वीसच्या आसपास खून होत. विसाव्या शतकात हे प्रमाण एकाच्या आसपास उतरले. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार १९९२ मध्ये खुनाचे सुमारे चाळीस हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०२२ मध्ये ही संख्या २८,५२२ होती. मधल्या काळात लोकसंख्या मात्र दीडपटीहून अधिक झाली. न्यायालये, पोलीस, शिक्षण आणि व्यापार यांनी माणसाच्या हातातील शस्त्र पुष्कळ अंशी खाली ठेवविले, हे मान्य केले पाहिजे.

युद्धांचे पान मात्र इतके स्वच्छ नाही. दुसऱ्या महायुद्धात सहा ते आठ कोटी माणसे प्राणास मुकली. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी ही दोन शहरे एकेका बॉम्बने भाजून निघाली. १९४७ च्या फाळणीत लाखो निरपराध लोक मारले गेले. रवांडामध्ये १९९४ साली अवघ्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसांचा संहार झाला. त्यानंतर काही वर्षे संघर्षातील मृत्यू घटत गेले आणि आशा वाढली. पण इथिओपिया व युक्रेन येथील युद्धांमुळे २०२२ हे वर्ष रवांडानंतरचे सर्वाधिक प्राणहानीचे ठरले.

आशावादी विद्वान येथे शेकडा प्रमाण पुढे करतात. जगाची लोकसंख्या वाढल्यामुळे मृतांचे प्रमाण पूर्वीच्या मानाने कमी आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. परंतु व्यापारी माणूस जाणतो की, नफातोट्याची टक्केवारी आणि प्रत्यक्ष रक्कम या दोन्ही पाहाव्या लागतात. टक्का घसरला तरी रक्कम मोठी असू शकते. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घराला टक्केवारी सांगून सांत्वन होत नाही. प्रत्येक जीवास आपला प्राण प्रिय आहे, हे जिनवाणीचे सार टक्केवारीत मावत नाही.

मुक्या जीवांचे पान

आणि याहून मोठी गोष्ट अशी की, हे सर्व तक्ते फक्त माणसांचे आहेत. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचा विचार करणाऱ्या धर्माला अर्ध्या वहीवर सही करता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीवरून असे दिसते की, १९६१ साली जगात मांसासाठी मारल्या जाणाऱ्या भूचर प्राण्यांची व पक्ष्यांची संख्या हजार कोटींहून कमी होती. आज ती दरवर्षी आठ हजार कोटींच्या वर आहे. त्यांत बहुतांश कोंबड्या आहेत. मासे या मोजणीत धरलेलेच नाहीत. याच काळात माणसांची संख्या तीनशे कोटींवरून आठशे कोटींवर गेली, म्हणजे तिप्पटही झाली नाही. येथे तर रक्कमही वाढली आणि टक्काही वाढला.

अशोकाच्या मुदपाकखान्यात होणारी हिंसा निदान राजाच्या नजरेस पडत होती आणि म्हणूनच त्याला तिची लाज वाटली. आजच्या कारखान्यांत होणारी हिंसा भिंतीआड, शीतगृहात आणि वेष्टनात लपलेली आहे. जी दिसत नाही तिचा पश्चात्ताप कसा व्हावा? आधुनिक हिंसेचे खरे वैशिष्ट्य क्रौर्य हे नसून तिचे अदृश्य होणे, हे आहे.

अर्थात याही पानावर जमेच्या काही रकमा आहेत. १८२२ साली ब्रिटिश संसदेने गुरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध पहिला कायदा केला. भारतात १९६० मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम झाला. आज जगातील अनेक देशांत तरुण पिढी स्वेच्छेने शाकाहाराकडे वळत आहे आणि त्यांतील बहुतेकांनी जैन धर्माचे नावही ऐकलेले नसते.

आपली वही

शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेला वध, जैन समाजाने शतकानुशतके वर्ज्य मानला. हे आपले मोठे संचित आहे. परंतु उद्योगी हिंसेचे खाते आपण किती वेळा उघडून पाहतो? कापडाच्याच व्यवसायाचे उदाहरण घ्यावे. रेशमाचा धागा अखंड राहावा म्हणून कोशातील किडा जिवंतपणीच वाफेने किंवा उकळत्या पाण्यात मारला जातो. एक किलो कच्च्या रेशमामागे असे काही हजार जीव जातात. हे वस्त्र दुकानाच्या गादीवर मानाने उलगडले जाते, लग्नसमारंभात मिरविले जाते आणि कित्येकदा पूजेच्या वेळीही परिधान केले जाते. किडा बाहेर पडू देऊन काढलेले रेशीम उपलब्ध आहे, शुद्ध सुती वस्त्र तर आहेच. साखर सोडणाऱ्या इंग्रज कुटुंबांना जे जमले, ते जिनानुयायांना अवघड का वाटावे? घाऊक व्यापारापासून घरच्या कपाटापर्यंत प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा.

एकंदर ताळेबंद पाहता निष्कर्ष असा निघतो : माणसाने माणसावर केलेली हिंसा अनेक बाबतींत कमी झाली आहे, पण ती कमीच राहील याची कोणतीही हमी नाही. मुक्या जीवांवरील हिंसा मात्र कधी नव्हती इतकी वाढली आहे. आणि जेथे जेथे ती घटली, तेथे तेथे कोणाचे तरी नाव, कोणते तरी साल आणि कोणाचा तरी त्याग सापडतो. गंधारहून पायी निघालेले आचार्य असोत, साखर सोडणारी गृहिणी असो वा व्यवहारावर लागा देणारा व्यापारी असो. काळाने आपणहून एकही जीव वाचविलेला नाही.

पंचम आरा म्हणजे हातपाय गाळून बसण्याची परवानगी नव्हे. उतरणीवर गाडी आपोआप खाली जाते, म्हणून तर तेथे गाडीवानाला अधिक जागरूक राहावे लागते. पाच कारणांपैकी काल, स्वभाव, नियती आणि पूर्वकर्म आज आपल्या हाती नाहीत. पाचवे तेवढे आपल्या हाती आहे.

दिवाळीला व्यापारी वहीपूजन करतो आणि वर्षाचा हिशेब मांडतो. प्रतिक्रमण हा त्याहून बारीक हिशेब आहे, कारण तो रोजचा आहे. कळत-नकळत कोणकोणत्या जीवांची विराधना झाली याची उजळणी करणारी ही पद्धत पूर्वजांनी घालून दिली, ती केवळ पाठ म्हणण्यासाठी नव्हे. सुवर्णमहोत्सव हाही हिशेबाचाच प्रसंग होय. पन्नास वर्षांत संस्थेच्या वास्तू किती उभ्या राहिल्या याबरोबरच आपल्या घरातून, दुकानातून आणि ताटातून किती हिंसा कमी झाली, हीही नोंद यानिमित्ताने श्रीसंघाने करावी. शताब्दीच्या वेळी ही वही उघडणाऱ्या पुढील पिढीला तीत जमेच्या बाजूला काही ठळक रकमा दिसाव्यात, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र.